जुन्या पद्मिनीला नवा पत्रा : शोधण्यापासून बसवण्यापर्यंत

परभणी जिल्ह्यातील आमच्या शेतातल्या आखाड्यावर बारा वर्षे शेडखाली उभी असलेली १९८१ची प्रीमियर पद्मिनी आम्ही बाहेर ओढली, तेव्हा वरवर पाहता ती चांगलीच टिकल्यासारखी वाटली. मराठवाड्याची हवा कोरडी असल्यामुळे छप्पर, बॉनेट आणि दारांचा वरचा भाग इथे मुंबईच्या गाडीइतका गंजत नाही. मागच्या सीटजवळचे रबरी पायपुसणे उचलले, तेव्हा मात्र खालची काळी माती दिसली. कुठल्यातरी पेरणीच्या दिवसांत गाडीचा उपयोग कोठीसारखा झाला होता आणि खताच्या पोत्यांपैकी पोटॅशचे एक पोते आत फुटले होते. पोटॅश म्हणजे क्लोराइडचे मीठच. ते पावसाळी हवेतला ओलावा धरून ठेवते आणि पत्र्यावर पडून राहिले, की खाऱ्या हवेने केले नसते इतके नुकसान करते. मागचा फ्लोअर, उजव्या बाजूची दारांखालची पेटी आणि डिकीचा तळ असे तीन भाग गेले होते. पुढे दोन्ही मडगार्डही बदलावे लागले. पुढील माहिती या गाडीच्या कामातून आणि त्यानंतर परिचितांच्या दोन ॲम्बॅसडर गाड्यांवर जे पाहिले त्यातून आलेली आहे.

गंज कुठे शोधावा

गाडी धुण्यापूर्वीच पाहणी करावी, कारण ओल आणि माती जिथे साठते तिथेच गंज असतो आणि धुतल्यावर त्या खुणा नाहीशा होतात. आपल्याकडची काळी माती या कामी कुप्रसिद्ध आहे. चाकाने उडालेला चिखल मडगार्डच्या आतल्या कोपऱ्यात, हेडलाइटच्या मागे आणि पुढच्या दाराच्या बिजागरीपुढील पोकळीत जाऊन बसतो, वरून खडखडीत वाळतो. आत मात्र दिवाळीपर्यंत ओल धरून राहतो. चिकणमातीचा हा गोळा स्क्रू-ड्रायव्हरने उकरून काढला, की त्याच्या पाठीला पत्र्याचा तपकिरी पापुद्रा चिकटून आलेला दिसतो. दुसरी जागा म्हणजे दारांच्या आणि पेटीच्या तळाशी असलेली पाणी जाण्याची छिद्रे. ती बुजली, की काचेवरून आत उतरलेले पाणी साचते आणि दार आतून कुजते. गाडी गोठ्याजवळ उभी असेल, तर त्या बाजूचा तळ अधिक बारकाईने पाहावा.

पाहणीला तीन साधने पुरतात. साध्या लोहचुंबकाला पातळ कापड गुंडाळून तो रंगावरून फिरवावा. जिथे त्याची ओढ सुटते, तिथे खाली पत्रा नसून पुट्टी आहे. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जावे; चांगला पत्रा टणक वाजतो, कुजलेला थप्प असा आवाज देतो. आणि जिथे शंका येईल, तिथे स्क्रू-ड्रायव्हरचे टोक जोर लावून टेकवावे. तेवढ्याने ते आरपार गेले तर वाईट वाटून घेऊ नये. तो पत्रा रंगाच्या आधारावर उभा होता. सापडलेली प्रत्येक जागा खडूने आखून तिचे छायाचित्र काढावे. छायाचित्रात मोजपट्टी दिसलीच पाहिजे. पुढे दुकानदाराशी बोलताना याचा किती उपयोग होतो, ते लवकरच कळते.

यानंतर पूर्ण पत्रा बदलायचा की तेवढा तुकडा जोडायचा, हा निर्णय येतो. माझे मत तुकड्याच्या बाजूने आहे. कारखान्यातून आलेल्या मूळ पत्र्याची घडण, कडांची वळणे आणि भोकांच्या जागा त्या गाडीला जुळलेल्या असतात. खालच्या चार इंचांच्या गंजासाठी असा संपूर्ण मडगार्ड फेकून त्या जागी बाजारातील बेताचा मडगार्ड आणणे हा तोट्याचा व्यवहार आहे. माझे दोन्ही मडगार्ड बदलले गेले, ते गंजामुळे नव्हे, तर पूर्वीच्या एका अपघातानंतर त्यांच्यावर बोटभर जाडीची पुट्टी चढवलेली निघाली म्हणून.

पत्रा कुठे मिळतो

फियाट ११०० डिलाइट या नावाने ही गाडी १९६४पासून मुंबईतील कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनू लागली. पुढे ती प्रेसिडेंट झाली आणि १९७४मध्ये पद्मिनी झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्या हा तिच्या सुट्या भागांच्या बाजाराचा खरा आधार होता. त्यांतील शेवटची टॅक्सी २००३मध्ये नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली. त्यामुळे रोजच्या गिऱ्हाइकासाठी माल ठेवणारे दुकानदार आता उरलेले नाहीत; जे काही आहे ते कोपऱ्यात पडलेले आहे किंवा हौशी लोकांच्या माळ्यावर गेलेले आहे. ॲम्बॅसडरचे गणित थोडे वेगळे आहे. पश्चिम बंगालमधील उत्तरपाड्याच्या कारखान्यात ती २०१४पर्यंत बनत होती, म्हणून तिचा पत्रा अजून तुलनेने सहज मिळतो. तिच्यासाठी कोलकात्याच्या मल्लिक बाजारात ओळख असेल तर उत्तमच.

माल चार प्रकारचा असतो. पहिला म्हणजे न वापरलेला जुना साठा. तो मिळाला तर भाव करत बसू नये. तालुक्याच्या गावातील चाळीस-पन्नास वर्षे जुन्या ऑटोमोबाइल दुकानाच्या माळ्यावर तो निघण्याची शक्यता मुंबईपेक्षा अधिक असते, कारण मुंबईचे माळे केव्हाच धुंडाळून झाले आहेत. दुकानात जाऊन "पद्मिनीचे काही आहे का?" असे विचारल्यास "नाही" असेच उत्तर मिळते. चहा घ्यावा, गाडीचे छायाचित्र दाखवावे, वडिलांच्या वेळी माल कुठे ठेवत असत ते विचारावे आणि परवानगी घेऊन स्वतः वर चढावे. माझ्या गाडीच्या डाव्या दाराचा बाहेरचा पत्रा जिंतूर रस्त्यावरच्या एका दुकानात सायकलच्या टायरांखाली सापडला. तो अजून कारखान्याच्या तेलकट कागदात होता.

दुसरा प्रकार भंगारातील गाडीचा. मुंबईत कुर्ला, दिल्लीत मायापुरी, चेन्नईत पुदुपेट अशी या व्यवसायाची ठाणी आहेत. नांदेड, देगलूर किंवा उदगीरकडच्या वाचकांना मात्र मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ आहे आणि आपल्या भागातील जुन्या गाड्यांचा राबताही तिकडे असे, म्हणून तिथे आधी चौकशी करावी. मुंबईच्या गाडीचा पत्रा घेताना खारी हवा आणि टॅक्सीचे आयुष्य या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. त्या पत्र्याने बहुधा अनेकदा हातोडी खाल्लेली असते. आपल्याकडची आणखी एक अडचण म्हणजे जालना. तेथील भट्ट्यांमध्ये भंगार वितळवून सळया होतात, त्यामुळे मराठवाड्यातील भंगारवाल्याकडे आलेली गाडी फार दिवस उभी राहत नाही. माझ्या गाडीसारखीच एक पद्मिनी मी शुक्रवारी पाहिली आणि सोमवारी पैसे घेऊन गेलो, तर जागेवर चार चाकांचे ठसे होते. तेव्हापासून परिसरातील तीन-चार भंगारवाल्यांना मी आपला क्रमांक देऊन ठेवला आहे आणि काट्यावरच्या भावापेक्षा थोडे जास्त देण्याचे कबूल केले आहे. त्यांना तेवढे पुरते.

शक्य असेल तर सुटा पत्रा न घेता निकामी झालेली अख्खी गाडीच घ्यावी. पत्रा कापण्याची रेघ आपण ठरवू शकतो, शिवाय बिजागऱ्या, काचेची रबरे, पट्ट्या आणि जुने बोल्ट हाती लागतात. मात्र कागदपत्रांवाचून गाडी घेऊ नये. गाडीचा नोंदणी क्रमांक, चासिस क्रमांक आणि विकणाऱ्याचे नाव असलेली पावती घ्यावी आणि गाडी कापण्यापूर्वी त्या क्रमांकांचे छायाचित्र काढून ठेवावे. ज्या तुकड्यावर चासिस क्रमांक कोरलेला आहे, तो तुकडा आपल्या गाडीला कधीही जोडू नये. तो व्यवहार पत्र्याचा राहत नाही, पोलिसांचा होतो. कापताना गॅस कटर लावू देऊ नका. भंगारवाल्याचा हात सवयीने गॅसकडेच जातो, पण त्या उष्णतेने कड वेडीवाकडी होते. ग्राइंडरच्या पातळ चकतीने, आपल्याला हव्या असलेल्या रेघेच्या वीतभर पलीकडून कापावे. जास्तीचा पत्रा घरी शांतपणे काढता येतो. कमी पडलेला वाढवता येत नाही.

तिसरा प्रकार म्हणजे लहान कारखान्यांतून नव्याने दाबून काढलेला पत्रा. तो स्वस्त असतो, पुष्कळदा पातळ असतो आणि त्याच्या कडांचे कोन बोथट असतात. चौथा हाताने बनवलेला. फ्लोअर, दारांखालची पेटी, डिकीचा तळ अशा सरळ वळणांच्या भागांसाठी मी आता हाच मार्ग सुचवतो. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज किंवा चिकलठाणा एमआयडीसीतील एखाद्या लहान फॅब्रिकेशनवाल्याकडे शिअरिंग आणि बेंडिंगची, म्हणजे पत्रा कापण्याची आणि वाकवण्याची, मशीन असतात. जुन्या भागाचा पुठ्ठ्याचा साचा आणि वळणांची मापे नेऊन दिली, तर अर्ध्या दिवसात काम होते. पत्रा सीआर, म्हणजे थंड लाटलेला सांगावा. बाहेरच्या अंगाला २० गेज, म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर, आणि ज्या पेटीवर गाडीचा भार आहे तिला १८ गेज, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर, हे प्रमाण ठीक बसते. तरीही आपल्या गाडीच्या शाबूत जागेवर मापून खात्री करावी. फ्लोअरवर ज्या उभ्या पन्हळी असतात त्या शोभेच्या नसतात. त्यांच्यामुळे पत्र्याला ताठपणा येतो आणि त्या नसलेला सपाट फ्लोअर पाय ठेवताच डबा वाजावा तसा वाजतो. मडगार्डसारखी दुहेरी गोलाई मात्र मशीनवर होत नाही. तिला वाळूच्या पिशवीवर पत्रा फुगवणारा जुना डेंटरच हवा, आणि असे उस्ताद आता जिल्ह्यात एक-दोनच उरले आहेत.

फोनवर बोलताना भागाच्या नावावर विसंबून राहू नये. एकाच पत्र्याला एक दुकानदार फेंडर म्हणतो, दुसरा मडगार्ड म्हणतो. पुढच्या पत्र्याला कोणी शो म्हणतो, कोणी ग्रिल पॅनल. डावी आणि उजवी बाजू तर ठरवूनच घ्यावी : चालकाच्या जागी बसून जी डावी ती डावी. समोरून पाहणाऱ्याची डावी वेगळी असते. मी हे सांगायला विसरलो आणि एका व्यापाऱ्याने पाठवलेले दोन्ही मडगार्ड उजव्या बाजूचे निघाले. ते परत घेण्यास त्याने नकार दिला. चूक निम्मी माझी होती, म्हणून मीही फार ताणले नाही.

पारख आणि वाहतूक

दुकानात जाताना जुन्या पत्र्याचा खाकी कागदावर किंवा खोक्याच्या पुठ्ठ्यावर उतरवलेला नकाशा बरोबर न्यावा. त्यावर कडा, बोल्टची भोके, लाइटचे छिद्र आणि मधली उठावाची रेघ आखलेली असावी. नवा पत्रा जमिनीवर ठेवून हा पुठ्ठा त्याच्यावर लावून पाहणे हे दुकानदाराच्या शंभर शब्दांपेक्षा भरवशाचे आहे. भोके दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे असतील तर चालते. कड कमी असेल तर चालत नाही. नंतर पत्रा उजेडाकडे तिरपा धरून त्यावरून नजर फिरवावी. लाटा, हातोडीचे वण आणि पुट्टी सरळ पाहताना दिसत नाहीत, तिरप्या उजेडात लपत नाहीत. नव्या पत्र्यावरचा काळा किंवा तांबडा प्रायमर नखाने खरवडून पाहावा. काही वेळा तो गंजावरच मारलेला असतो. ॲम्बॅसडरचा पत्रा घेताना गाडीचा मार्क, म्हणजे आवृत्ती, आणि साल आधी सांगावे, कारण १९७९मध्ये मार्क-४ आली तेव्हा गाडीचे तोंड बदलले आणि जाळी व पार्किंग लाइटच्या जागा पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत.

मुंबई किंवा हैदराबादहून माल खासगी ट्रॅव्हल्सच्या डिकीतून येतो आणि त्यावर रात्रभर बॅगा आदळतात. मडगार्डच्या आत भाताचा पेंढा किंवा जुनी गोधडी दाबून भरावी, कडांना फाडलेली सायकलची ट्यूब चढवावी आणि सर्वांवर पोते शिवावे. माल आला, की उतरवून घेतानाच पोते उघडावे. पत्रा घरी आणल्यावर भिंतीला टेकवून कडेवर उभा करून ठेवू नये. उन्हाळाभर तसा राहिला, तर स्वतःच्या वजनाने तो पिळतो.

कामाचे वेळापत्रक ऋतूप्रमाणे आखावे. शोध आणि खरेदी उन्हाळ्यात करावी, कापणे आणि जोडणे दिवाळीनंतर होळीपर्यंत. पावसाळ्यात उघडा घासलेला पत्रा रात्रीतून तांबूस होतो. आणि मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला, की पुट्टी पाटीवरच घट्ट होते आणि रंग पसरण्यापूर्वी वाळतो.

कापण्यापूर्वी

या कामात माझे जे नुकसान झाले ते इथे झाले, म्हणून हा भाग थोडा विस्ताराने लिहितो. पद्मिनी आणि ॲम्बॅसडर या दोन्ही गाड्यांना जीपसारखी स्वतंत्र चासिस नाही. सांगाडा आणि पत्रा मिळूनच गाडी उभी राहते आणि दारांखालची पेटी हा त्या सांगाड्याचा कणा आहे. पहिल्या गॅरेजमध्ये माझी गाडी मधोमध एका जॅकवर उचलली गेली आणि दारे काढून उजवी पेटी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कापली गेली. नवी पेटी उत्तम होती, जोडही स्वच्छ होता. दारे परत चढवली, तेव्हा पुढचे दार खालच्या कोपऱ्यात मागच्या दाराला घासू लागले आणि वर मात्र बोट जाईल एवढी फट राहिली. कापल्यावर सांगाडा काही मिलिमीटर वाकला होता आणि त्याच वाकलेल्या स्थितीत तो कायमचा जोडला गेला होता. बिजागरीखाली वॉशर घालून, दार गुडघ्याने दाबून, कड ठोकून पाहिली. काही उपयोग झाला नाही. शेवटी तीच नवी पेटी पुन्हा कापावी लागली.

दुसऱ्या वेळी काम ज्या वयस्कर डेंटर चाचांनी केले, त्यांनी पहिले दोन दिवस कटर हातातच घेतला नाही. "काका, आधी दार बसवू, मग पत्रा," असे म्हणून त्यांनी पुढील क्रमाने काम केले आणि तोच क्रम मी सुचवतो. गाडी सपाट फरशीवर आणावी. तिचा भार जिथे एरवी चाकांवर असतो, तिथेच, म्हणजे पुढच्या आणि मागच्या सस्पेन्शनखाली, चार स्टँडवर तो घ्यावा. मध्ये कुठेही टेकू देऊन गाडी उचलू नये. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी जशी पातळी पाहतात, तशी दोन्ही बाजूंच्या समान बिंदूंची उंची जुळवावी. नंतर दाराच्या चौकटीत कर्णावर मापे घ्यावीत : पुढच्या खांबाच्या वरच्या कोपऱ्यापासून मधल्या खांबाच्या तळापर्यंत आणि उलट. हीच मापे शाबूत बाजूला घ्यावीत. दोन्ही बाजूंत फरक आढळला, तर सांगाडा आधीच हललेला आहे आणि तो पेटी कापण्यापूर्वी ताणून जागेवर आणावा लागेल. मापे खडूने नव्हे, रंगाने खांबावरच लिहावीत.

मापे बरोबर असतील, तर चौकटीत एक इंची अँगलचे तुकडे आडवे आणि कर्णावर वेल्डिंगचे टाके मारून बसवावेत. अँगल असे लावावेत, की दार बंद होऊ शकेल, कारण दार हीच यापुढची मोजपट्टी आहे. गंजलेल्या पेटीवर या अँगलचे टाके मारू नयेत, खांबांच्या चांगल्या भागावर मारावेत. एका वेळी एकच बाजू कापावी. आणि जुना तुकडा, तो कितीही कुजलेला असो, नवा पूर्ण जोडून होईपर्यंत भंगारात टाकू नये. कुठले भोक कशासाठी होते, कड किती आत वळलेली होती, या प्रश्नांची उत्तरे इतर कुठेही मिळत नाहीत.

जोडणी

बॅटरी काढावी, पेट्रोलची टाकी काढून दूर ठेवावी, आतील सीट, नमदा आणि वायरिंग बाजूला करावे. ओली पोती आणि अग्निशामक हाताशी असावेत. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असते, म्हणून तो कोरडा न घासता पाण्याच्या कागदाने घासावा आणि तोंडावर चांगला मास्क लावावा. साधा रुमाल पुरत नाही. गंज लागू नये म्हणून तळाला जळके इंजिन ऑइल फासण्याची आपल्याकडे रीत आहे. ते सस्पेन्शनची रबरे खाते आणि वेल्डिंग सुरू केल्यावर पेट घेते, म्हणून ते आधी पूर्ण धुऊन काढावे.

कारखान्यात पत्रे स्पॉट वेल्डिंगने, म्हणजे ठिपक्याठिपक्याने, जोडलेले असतात. तारेच्या ब्रशने कड घासली, की ते गोल ठिपके दिसू लागतात. प्रत्येक ठिपक्यावर पंच मारून ८ मिलिमीटरच्या ड्रिलने फक्त वरचा पत्रा पोखरावा. खालचा शाबूत ठेवावा. नंतर पातळ छिन्नीने जोड उकलावा. हे काम कंटाळवाणे आहे. छिन्नी आणि मोठी हातोडी घेऊन एका तासात ते उरकता येते, पण मग खालची कड फाटते आणि ती दुरुस्त करण्यात दोन दिवस जातात.

आता नवा पत्रा नुसता क्लॅम्पने आणि दोन-चार स्क्रूंनी टांगावा, आणि दारे, बॉनेट, डिकी सर्व चढवावे. बसवण्याचा क्रम मागून पुढे असतो. मागच्या चाकावरचा पत्रा हलवता येत नाही, म्हणून मागचे दार त्याला जुळवावे. पुढचे दार मागच्या दाराला, मडगार्ड पुढच्या दाराला आणि शेवटी बॉनेट दोन्ही मडगार्डना. पुढून सुरुवात केली, तर सगळी चूक सरकत सरकत मागच्या दारापाशी जमा होते आणि तिथे ती निस्तरायला जागा नसते. फटी पाहण्यासाठी ४ आणि ५ मिलिमीटरच्या ड्रिल बिटांची गुळगुळीत टोके वापरावीत. चारचे टोक सर्वत्र सहज जावे, पाचचे अडखळत जावे. नव्या कोऱ्या ॲम्बॅसडरच्या फटीही सारख्या नसत, तेव्हा इथे जर्मन गाडीचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. दार बंद करताना येणारा आवाज आणि हाताला लागणारा जोर हीच खरी कसोटी. मडगार्ड बोल्टने बसणारा असेल, तर बोल्ट सैल ठेवून सर्व जुळवावे आणि पॅकिंगचे वॉशर कुठे किती घातले ते लिहून ठेवावे, कारण रंगासाठी तो पुन्हा काढावाच लागतो.

टांगलेली गाडी एक रात्र तशीच सोडावी आणि सकाळी पुन्हा पाहावी. त्यानंतरच जोडायला घ्यावे. पातळ पत्र्याला रॉडचे वेल्डिंग चालत नाही, भोके पडतात. जुने डेंटर गॅसने उत्तम जोड करतात आणि तो जोड मऊ असल्यामुळे ठोकून सपाटही होतो, पण उष्णता दूरवर पसरून पत्रा लाटा धरतो. वर्कशॉपमध्ये ज्याला सीओटू म्हणतात ते मिग वेल्डिंग ०.६ किंवा ०.८ मिलिमीटरच्या तारेने करावे. गावाकडे सिंगल फेजवर विजेचा दाब खाली-वर होत असतो आणि दाब उतरला, की टाका वरच्यावर बसतो, आत धरत नाही. म्हणून सुरुवातीला त्याच जाडीच्या दोन टाकाऊ तुकड्यांवर टाका मारून ते पक्कडीने उकलून पाहावेत. टाका सुटता कामा नये, पत्रा फाटला पाहिजे.

कडेवरच्या जोडांसाठी नव्या पत्र्यात ६ ते ८ मिलिमीटरची भोके पाडून ती वेल्डिंगने भरून घ्यावीत. अंतर मूळ ठिपक्यांइतकेच ठेवावे. जोडात झाकल्या जाणाऱ्या दोन्ही पृष्ठभागांना आधी जस्ताचा प्रायमर लावावा, कारण नंतर तिथे ब्रश पोहोचत नाही. समोरासमोरच्या जोडात एक टाका इथे, दुसरा वीतभर दूर, तिसरा दोहोंच्या मध्ये, असे करत जावे आणि प्रत्येक टाका हात लावता येईल इतका निवू द्यावा. सलग रेघ ओढण्याचा मोह मिस्त्रीला होतो, विशेषतः जेवणाची वेळ झाली असेल तर. तेव्हा त्याला जेवायला पाठवावे. गरम जोडावर पाणी मारून घाई करू नये. पत्रा आकसतो आणि मधला भाग फुगतो. दर आठ-दहा टाक्यांनंतर दार लावून पाहावे. अँगल सर्वात शेवटी काढावेत आणि काढल्यावर कर्णाची मापे पुन्हा घ्यावीत.

जोड घासताना मूळ पत्रा पातळ होणार नाही याची काळजी घ्यावी. चांगल्या कामावर पुट्टी एक-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त लागत नाही. एपॉक्सी प्रायमर आधी आणि पुट्टी नंतर, हा क्रम मी पाळतो. रंगाविषयी इतकेच, की तो ज्याला द्यायचा त्यानेच प्रायमरही निवडावा.

आतली पोकळी आणि कागदपत्रे

बाहेरचा रंग झाला, की पुष्कळ जण थांबतात. दारांखालच्या पेटीत, दारांच्या तळात आणि मडगार्डच्या आतल्या कोपऱ्यात लांब नळीच्या फवारणीने मेण सोडावे. वेल्डिंगने जळलेला आतला पत्रा उघडाच असतो आणि तिथूनच पुन्हा गंज धरतो. मेण वाळण्यापूर्वी पाणी जाण्याची छिद्रे सायकलच्या आऱ्याने मोकळी करावीत. तळाला अंडरकोटिंग द्यावे, पण छिद्रांवर नव्हे.

रंग बदलला असेल, तर ती नोंद आरटीओत करून घ्यावी लागते. पंधरा वर्षांनंतरच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते आणि त्या तपासणीत चासिस क्रमांक वाचता आला पाहिजे. रंगाऱ्याला तो झाकायला आधीच सांगावे. ज्यांची गाडी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी आहे, त्यांच्यासाठी जुलै २०२१पासून व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम आहेत. त्यात 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि दहा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीचे ५,००० रुपये आहे. गाडी मूळ रूपात असावी आणि चासिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. म्हणून अशा गाडीचा अख्खा सांगाडा बदलण्याच्या फंदात पडू नये आणि कामाची छायाचित्रे व पावत्या तारीखवार जपून ठेवाव्यात. माझी गाडी २०३१पर्यंत या नियमात बसत नाही.

पहिला पावसाळा झाल्यावर पायपुसणी उचलून पाहावीत आणि दारांच्या तळाशी बोट फिरवावे. माझ्या गाडीत मागच्या फ्लोअरच्या एका टाक्यापाशी ओल आढळली. तिथे सीलर राहून गेले होते, ते नंतर भरले. उजव्या पुढच्या दाराची फट वर चार आणि खाली सहा मिलिमीटर आहे. चाचांनी ती आणखी जुळवण्याची तयारी दाखवली होती, पण दार एका बोटाने लागते, म्हणून मी ती तशीच ठेवली.